विंडो: वाऱ्याचा डोळा

हा धूर बघा.

नॉर्वेच्या उत्तरेकडची लोफोटेन बेटं. इथल्या बोर्ग गावी 1980च्या दशकात एका व्हायकिंग सरदाराच्या घराचा पाया उकरून काढला. लांबी 83 मीटर. त्याच्या शेजारीच, तसंच बांधलेलं हे घर. जमिनीवर चूल पेटलीय, धुराडं नाही. धूर आढ्याशी रेंगाळतो आणि वरच्या भोकातून निघून जातो.

अशा घरांत राहणाऱ्यांनी झरोक्याला नाव दिलं विंदआउगा. विंद म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. आपल्या गवाक्षातही डोळाच आहे, तो गाईचा.

आता इंग्लंडमधलं यॉर्क. 866 साली डेन लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांनी, हे शहर घेतलं, ते त्याला योर्विक म्हणू लागले. ही पाटी वाचा: कॉपरगेट. इथे वेस शोधू नका. हे गेट म्हणजे व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतली गाता, रस्ता. आणि कॉपर म्हणजे लाकडी पेले करणारे कारागीर. 1976 ते 1981 या काळात इथे खणलं, तेव्हा ओल्या मातीत त्या काळची घरं जशीच्या तशी सापडली. कुडाच्या भिंती, मधोमध चूल, आणि पेले कातून उरलेले लाकडाचे गाभे.

याच वस्त्यांमध्ये इंग्रज आणि डेन शेजारी झाले, सोयरिकी झाल्या. इंग्रजांकडे स्वतःचा शब्द होता, एआगथिर्ल, म्हणजे डोळ्याचं भोक. तो मागे पडला, शेजाऱ्यांच्या विंदआउगाचा विंडो झाला. त्यातलं थिर्ल आज नॉस्ट्रिलमध्ये, नाकपुडीत, तेवढं ओळखू येतं.

मग फ्रान्सकडून नॉर्मन राज्यकर्ते आले, दरबार फ्रेंच बोलू लागला. लॅटिन घराण्यातला फेनेस्टर हा शब्द इंग्रजीत शिरला, सोळाव्या शतकापर्यंत वावरला. जर्मनने तर लॅटिन शब्द कधीचाच आपलासा केला होता, फेन्स्टर म्हणून. इंग्रजीत मात्र टिकला तो विंडो. तेराव्या शतकातल्या हस्तलिखितांत तो दिसू लागतो, पण त्याआधी कितीतरी वर्षं तो चुलीभोवती बोलला गेला असणार. घर शाकारणाऱ्या, धूर सोसणाऱ्या माणसांचा हा शब्द दरबारी शब्दाला पुरून उरला, याचं मोल मला फार वाटतं.

पुढे काचा आल्या, धुराडी आली, संगणकावरही विंडो उघडली.

नॉर्वेत आज विंदू म्हणतात, डेन्मार्कमध्ये विंदुए. डोळा झिजून गेलाय. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर, गवताच्या छपरांच्या या घरांत, अजूनही पूर्ण नाव घेतात: विंदेइया.