सेकंदाला एक फूट

नमस्कार, श्रोतेहो.

सोलापुरात मी चौतीस वर्षं सिनेमा दाखवला. तुम्ही मला कधी बघितलं नसणार, कारण माझी बसायची जागा तुमच्या पाठीमागं, भिंतीतल्या चौकोनी भोकाच्या पलीकडं. फिल्म तुटल्यावर तुम्ही शिट्ट्या मारत होता आणि कुणाच्या तरी आईचा उद्धार करत होता ना? तो ऑपरेटर मी. राग नाही. शिट्टी आली नाही तर थिएटरात माणसं आहेत का नाहीत तेच कळायचं नाही आम्हाला.

आज मला मूकपटांबद्दल बोलायचंय. मी स्वतः मूकपट कधी चालवला नाही. माझा जन्मच बोलपटाच्या जमान्यातला. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून सोलापूरला आलो, मामा गिरणीत होते, त्यांनी एका टॉकीजमध्ये हेल्पर म्हणून चिकटवून दिलं. तिथं मला उस्ताद भेटले. घरी उर्दू बोलायचे, गेटकीपरशी तेलुगू, खालच्या पानवाल्याशी कन्नड, आणि शिव्या मात्र मराठीत. पोरवयात ते जत्रेतल्या तंबूत मशीनचं हँडल फिरवायचे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, पंढरपूरला, जिथं माणूस जमेल तिथं तंबू.

मी त्यांना एकदा विचारलं, मोटार नव्हती तर वेग कसा कळायचा? ते म्हणाले, "का बे, माग ऐकला नाहीस का कधी?" पूर्व भागात त्यांच्या घराला लागूनच हातमाग चालायचा. धोटा इकडून तिकडं गेला की एक ठोका. त्या ठोक्यावर त्यांचा हात बसला होता. एका ठोक्याला एक फूट फिल्म.

हे मला तेव्हा गंमत म्हणून आवडलं. त्यातला हिशेब फार नंतर कळला. तुम्हालाही सांगतो, कारण आजचं माझं सगळं गाऱ्हाणं त्या हिशेबावरच उभं आहे.

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात. मूकपटाचा कॅमेरा हातानंच फिरवायचे. एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे साधारण सोळा, म्हणजेच एक फूट. आवाज आला तसा वेग सेकंदाला चोवीस चित्रं असा कायमचा ठरला, कारण आवाज मागेपुढे झाला की लगेच बेसूर होतो. आता सोळानं काढलेलं चित्र चोवीसनं पळवलं तर काय होईल? राजा हरिश्चंद्र तुरुतुरु चालायला लागतो. तारामती रडते का चिमणीसारखी टिपते तेच कळत नाही. आणि आपण सोफ्यावर बसून हसतो, म्हणतो, जुनी माणसं काय विनोदी चालायची नाही!

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' चाळीस मिनिटांचा होता, असं तुम्ही पुष्कळ ठिकाणी वाचलं असेल. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट. सेकंदाला एक फूट धरा, तासाच्या वर दोन मिनिटं होतात. चोवीसच्या वेगानं काढा, बरोब्बर एक्केचाळीस. म्हणजे १९१३ साली गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांनी तासभर बघितलेल्या गोष्टीतली वीस मिनिटं आपण नुसत्या घाईत खाल्ली. तेही कागदावर. खरं तर आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याच्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचंच आहे.

माझ्या नातीनं मला फोनवर असाच एक जुना तुकडा दाखवला. पळतंय सगळं, कडा कापलेल्या, मध्येमध्ये येणाऱ्या पाट्या वाचायच्या आत गायब, आणि मागं कुणीतरी लावलेली कसलीतरी सिंथेसायझरची धून. मी म्हटलं, बाई, बंद कर. हे बघण्यापेक्षा न बघितलेलं बरं. नंतर नवी पेठेतल्या एका सीडीच्या दुकानात जाऊन चांगली डीव्हीडी मागितली. दुकानदार म्हणाला, "काका, आवाज नसलेली डीव्हीडी दिली तर लोक परत आणून देतात." तोही खरंच बोलत होता.

आपल्या देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले. उरले किती? तुकडेताकडे धरून तीसच्या आसपास. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भुसनळ्यासारखी पेटणारी. उस्तादांच्या मनगटावर तिचा डाग होता, चकलीएवढा. मशीनच्या गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरून फिल्म सरकते त्या चौकटीत, ती अडकली आणि दिवा समोर राहिला की संपलं. जी जळाली नाही ती ओलीनं चिकट होऊन गेली, नाहीतर तिच्यातल्या चांदीसाठी विकली गेली. अगदी जानेवारी २००३ मध्येसुद्धा पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांची कितीतरी मूळ रिळं गेली.

गेलेल्यांत एक असा आहे की त्याच्यासाठी सोलापूरकरानं तरी हळहळावं. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश', १९२५ सालचा. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शहरात येऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. ज्यांनी बघितला त्यांनी लिहून ठेवलंय, रात्रीची झोपडी आणि तिच्यासमोर विव्हळणारं कुत्रं. मूकपटातल्या कुत्र्याचं विव्हळणं लोकांना वर्षानुवर्षं आठवत राहिलं! आपल्या जुन्या गिरणीच्या, लक्ष्मी-विष्णूच्या, नरसिंग गिरजीच्या चाळींत किती घरांची हीच गोष्ट होती. माझ्या मामांची होती. पेंटरांनी १९३६ मध्ये तो बोलपट करून पुन्हा काढला, पण पहिला हातचा गेला.

दुसरं एक नाव नुसतंच सांगून पुढं जातो. १९३० साली प्रभातनं शिवाजी महाराजांवर 'स्वराज्याचे तोरण' काढला. सेन्सॉरला 'स्वराज्य' हा शब्द खुपला, नाव बदलून 'उदयकाल' करावं लागलं. त्याच साली मे महिन्यात इथं सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला होता. शब्दाची भीती कशाला वाटत होती, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता जे उरलंय त्याच्याकडं येतो. मला कुणी विचारलं, एकच मूकपट नीट करून घराघरांत द्यायचा तर कुठला, तर मी 'कालिया मर्दन' म्हणेन. १९१९, फाळके. पूर्ण नाही, पण पुष्कळ उरलाय. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या घरच्यांकडून रिळं मिळवून तो जुळवला.

तंबूत एक माणूस पडद्याशेजारी उभा राहून न वाचता येणाऱ्यांना पाट्या वाचून दाखवायचा, गोष्ट सांगायचा. दोन मिनिटं त्याचं काम मी करतो. तुम्ही पडदा तेवढा लावा मनात.

आधी एका मुलीचा चेहरा. सात वर्षांची, फाळक्यांची लेक मंदाकिनी. अजून ती कृष्ण नाही, नुसती मंदाकिनी आहे. हसते, रागावते, रुसते. बापानं जणू आधीच सांगून टाकलंय, बघा, माझी पोर आहे ही, आता हिलाच कृष्ण माना. आणि पुढच्या पाच मिनिटांत आपण मानतोही. मग खोड्या. गवळणींची लोणी-चोरी. एका शेटजीच्या घरात रात्री शिरून झोपलेल्या शेटजीची दाढी शेटाणीच्या केसांना बांधून ठेवणं! मग यमुना. कृष्ण उडी मारतो. पाण्याखाली तो आणि तो अजस्र नाग. काठावर गोकुळ छाती पिटतंय. परत पाण्याखाली. परत काठावर. एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि बघणाऱ्याचा श्वास मधेच लटकलेला. हे जोडकाम आमच्या धंद्यातला माणूस बघतो तेव्हा हात जोडतो. आणि शेवटी फण्यावर नाचत वर येणारी ती सात वर्षांची पोर.

यात यमुनेचा प्रसंग जरा जरी पळवला, तर भीती जाऊन तमाशा उरतो. म्हणून म्हणतो, वेग आधी. तोसुद्धा सगळीकडं एकच लावून चालत नाही, कारण कॅमेरावाल्याचा हात कधी सोळाला, कधी अठराला, कधी वीसला जायचा. प्रसंगागणिक डोळ्यानं ठरवावा लागतो.

बाकीचे पटापट सांगतो. पुण्याच्या अगरवाल कंपनीचा 'दिलेर जिगर', १९३१. तलवारबाजी, डोंबारी कसरती आणि नायिका कोण, तर ललिता पवार! रामायणातली मंथरा म्हणून जिला आपण ओळखतो, ती तरुणपणी काय होती ते एकदा बघा. बंगालचा 'जमाई बाबू', त्याच साली. खेड्यातला जावई कलकत्त्यात हरवतो, आणि त्या निमित्तानं तेव्हाचं अख्खं कलकत्ता रस्त्यावरून हिंडायला मिळतं. केरळचा 'मार्तंड वर्मा', १९३३. कादंबरीच्या हक्कावरून कोर्टात गेला, थोडेच खेळ झाले आणि प्रत प्रकाशकाकडं अडकून पडली. १९७४ मध्ये ती संग्रहालयात आली. कज्ज्यामुळं वाचलेला बहुतेक हा एकटाच सिनेमा!

हे नीट करणं परवडत नाही असं म्हणू नका. हिमांशु राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांचे 'शिराझ' आणि 'प्रपंच पाश', दोन्ही आपल्याच मातीत चित्रित झालेले. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं ते धुऊनपुसून काढले. एकाला अनुष्का शंकर यांचं संगीत, दुसऱ्याला नितीन साहनी यांचं, आणि घरी बघायच्या डिस्कसुद्धा काढल्या. तिथल्या दुकानात राजस्थानचे हत्ती मिळतात. आमच्या नवी पेठेत मंदाकिनी मिळत नाही.

माझी मागणी थोडी वाढीव आहे, तीही सांगून टाकतो. 'हरिश्चंद्रा'च्या उरलेल्या रिळांत पाट्या इंग्रजी आणि हिंदीत आहेत. त्या असू द्या. पण डिस्क काढाल तेव्हा पाटी वाचणारा तंबूतला माणूस परत आणा, आणि तो मराठीत, तेलुगूत, कन्नडात, उर्दूत ठेवा. बटण दाबलं की ज्याची त्याची भाषा. आमच्या उस्तादांनी एकाच खेळाला या चारही भाषांतले लोक तंबूत बसलेले बघितले होते. सगळ्यांना सगळं कळत होतं. बोलपट आला आणि तंबूतली माणसं भाषेप्रमाणं वाटली गेली, असं ते म्हणायचे. मला तेवढं मोठं बोलता येत नाही. पण कालियाशी झुंज चालू असताना मागं हलगी कडाडली आणि कडेला संबळ लागला, तर पूर्व भागातली पद्मशाली आजी आणि विजापूर वेशीतला चाचा एकाच वेळी पुढं सरकून बसतील, एवढं मी पैजेवर सांगतो.

काचेपलीकडचे साहेब घड्याळ दाखवतायत. आमच्याकडं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका यायचा, तसं.

जाता जाता एक करतो. हे टेबल आहे, हे माझं बोट. उस्तादांच्या शेजारचा माग कसा वाजायचा ते त्यांनी मला असंच वाजवून दाखवलं होतं. ऐका.

टक. टक. टक. टक.

चार फूट झाले. मंदाकिनी अजून हसतेय.