जमलंच पाहिजे असं कुठंय?

(पडद्यावर: फिरतं चाक, त्यावर ओल्या मातीचा गोळा आणि दोन हात)

हा गोळा चाकाच्या मधोमध बसायला हवा. तो बसत नाहीये. हात जरा सैल पडला की एका बाजूला पळतो, जोर जास्त झाला की डुगडुगायला लागतो. कशीबशी कड वर येते, पातळ होते आणि बघता बघता सगळं भांडं खाली बसतं. कोपरापर्यंत चिखल. आणि शिकणाऱ्या बाई खळखळून हसतायत! "पुन्हा घेऊ का?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता नवा गोळा घेतात.

कुणी काही नवीन शिकतंय म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला: "मग, कुठवर आलं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण छंदाची परीक्षा सुरू होते ती तिथूनच.

१९७० साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या कला महाविद्यालयात संगीतकार गॅव्हिन ब्रायर्स यांच्या पुढाकाराने एक वाद्यवृंद उभा राहिला, पोर्ट्समथ सिन्फोनिया. त्यातल्या बऱ्याच जणांना वाद्य वाजवताच येत नव्हतं. ज्यांना येत होतं, त्यांनी न येणारं वाद्य हातात घ्यायचं. वाजवायच्या मात्र सगळ्यांच्या कानावरून गेलेल्या अभिजात रचना. सूर एकीकडे, ताल दुसरीकडे, तरी धून ओळखू यायची. १९७४ मध्ये ही मंडळी थेट लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजवून आली, आणि ऐकायला हजारो लोक होते.

त्या बेसूरपणापेक्षा मला त्यांचा नियम जास्त आवडतो. तालमीला यायचं आणि मुद्दाम वाईट वाजवायचं नाही. थट्टा म्हणून केलेला बेसूर चालणार नव्हता. "आपलं काय, टाइमपास!" असं आपण आधीच म्हणून टाकतो ना, ती पळवाटच असते. लोक हसायच्या आत आपणच हसून मोकळे होतो. इथे ती सोय नव्हती. मन लावून वाजवायचं आणि तरीही चुकायचं.

आता जरा लहान मुलांकडे वळू. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतली, चित्रं काढायची आवड असलेली मुलं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढा, प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच रंगीत पेन वर्गात नुसते ठेवून दिले. ज्यांना बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. शिवाय, बक्षिसासाठी त्यांनी काढलेली चित्रंही डावीच ठरली होती.

मोठ्यांना प्रशस्तिपत्र दाखवायला कुणी लागत नाही. पहिलं चित्र वाळायच्या आत आपण त्याचा फोटो टाकतो आणि दर दहा मिनिटांनी फोन बघतो.

ज्यांना पुढे जायचंय त्यांनी जरूर जावं, रियाजाला पर्याय नाही. बाकीच्यांनी शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकावं, "मला परीक्षेला बसायचं नाही." चांगला शिक्षक त्यावर रागवत नाही. संगीताचा असेल तर तो सुरांच्या सरावाचे अलंकार थोडे बाजूला ठेवतो आणि पहिल्याच आठवड्यात एखादी सोपी, पण पूर्ण धून हातात देतो.