बर्गरच्या ठिपक्यांमधून एक रेषा

अमेरिकेत वीस किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या खाद्यसाखळ्यांना मे २०१८ पासून मेनूच्या फलकावर कॅलरी छापाव्याच लागतात. फॅटचा आकडा फलकावर नसला तरी चालतो, पण गिऱ्हाइकानं मागितला की लेखी द्यावा लागतो. या दोन आकड्यांचं आपसात नातं काय?

मॅकडोनाल्ड्सच्या अमेरिकेतल्या, काही वर्षांपूर्वीच्या तक्त्यातले सहा बर्गर घेऊ. साधा हॅम्बर्गर: ९ ग्रॅम फॅट, २५० कॅलरी. चीजबर्गर: १३ आणि ३००. मॅकडबल: २० आणि ४००. चीज घातलेला क्वार्टर पाउंडर: २६ आणि ५२०. बिग मॅक: ३४ आणि ५९०. डबल क्वार्टर पाउंडर: ४२ आणि ७४०. आडव्या अक्षावर फॅट, उभ्या अक्षावर कॅलरी. ठिपके जवळपास एका रांगेत पडतात.

त्यांच्यामधून रेषा कितीही काढता येतील. आपल्याला हवी ती अशी, की प्रत्येक ठिपक्यापासूनच्या उभ्या अंतराचे वर्ग करून बेरीज घेतली, तर ती सगळ्यांत कमी भरावी. ही रीत फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये छापली, धूमकेतूंच्या कक्षा काढायला. बर्गर त्यांच्या गावीही नव्हते!

हिशेब केला की सूत्र मिळतं: फॅटला १४.७ नं गुणा, त्यात ११४ मिळवा. या सहांत नसलेला फिले-ओ-फिश घेऊन बघू. फॅट १९ ग्रॅम. रेषा सांगते ३९३ कॅलरी, तक्त्यात आहेत ३९०.

छान. पण एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी असतात, हे तर शाळेत शिकवतात. मग हे १४.७ आले कुठून?

चीजबर्गर आणि मॅकडबल शेजारी ठेवा. फरक मुख्यतः एका जादा पॅटीचा. फॅट ७ ग्रॅमनं वाढलं, त्याच्या झाल्या ६३ कॅलरी. तक्त्यात मात्र वाढ आहे १०० ची. वरच्या कॅलरी बहुतेक मांसातल्या प्रथिनांच्या. मोठ्या बर्गरला पावही मोठा लागतो, त्याचीही भर पडते. रेषा हे सगळं फॅटच्याच खात्यावर मांडते. त्यामुळे बर्गरमधलं नुसतं मेयोनीज काढलं, तर ग्रॅमभर फॅटमागे १४.७ कॅलरी वाचतील असं समजू नका. वाचतील नऊच्या आसपास.

आणि सोबतचा मध्यम कोक? फॅट शून्य, म्हणजे रेषेच्या हिशेबानं ११४ कॅलरी. प्रत्यक्षात दोनशेच्या वर, सगळ्या साखरेच्या.