सहा हजार टनांत बसवलेली क्रूझर

श्रोतेहो, नमस्कार.

पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीवर १९१९च्या व्हर्साय तहानं आरमाराचीही बंधनं घातली. सेवेत हलक्या क्रूझर, म्हणजे टेहळणीसाठीच्या वेगवान युद्धनौका, फक्त सहा. जुनीच्या जागी नवी बांधायची तर ती ६,००० टनांच्या आतच. या आकड्यानं जर्मन अभियंत्यांचा पुढच्या दशकभराचा विचार बांधून टाकला.

पहिली आली ‘एमडेन’, १९२५ साली पाण्यात उतरलेली. आराखडा युद्धकाळातलाच. तिच्यावर जोडतोफांचे बुरूज, म्हणजे दोन-दोन तोफांची फिरती चिलखती घरं, बसवायची होती, पण दोस्तांच्या नियंत्रण आयोगानं ते नाकारले. म्हणून आठ तोफा सुट्या-सुट्या बसवल्या.

खरी नवी रचना दिसली ती ‘क्योनिग्सबेर्ग’, ‘कार्ल्सरूह’ आणि ‘क्योल्न’ या तिघींत. १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या नऊ तोफा, तीन बुरुजांत. एक बुरूज पुढे, दोन मागे. मागचे दोन्ही तर मध्यरेषेवर नाहीतच. एक डावीकडे सरकवलेला, एक उजवीकडे. टेहळणी करणाऱ्या जहाजानं बलाढ्य शत्रू दिसताच पाठ फिरवायची, तेव्हा मागचा मारा महत्त्वाचा. वेगासाठी वाफेचे टर्बाइन, लांब पल्ल्यासाठी डिझेल इंजिनं. मात्र दोन्ही एकाच वेळी चालवता येत नसत.

एवढं सगळं ६,००० टनांत बसवायचं, तर वजन वाचवायचं कुठे? सांगाड्यात. रिव्हेटऐवजी मोठ्या प्रमाणावर वेल्डिंग वापरलं गेलं. त्या काळात हे धाडसच होतं, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. तरीही या जहाजांबद्दल बोलताना लोक तोफांवरच थांबतात, सांगाड्याची गोष्ट राहून जाते. १९३६ मध्ये प्रशांत महासागरातल्या वादळानं ‘कार्ल्सरूह’ला इतकं झोडपलं, की तिची दुरुस्ती करावी लागली. लांबच्या समुद्रासाठी डिझेल दिलं होतं, पण त्या समुद्राच्या लाटा सोसायचं बळ अंगात नव्हतं.

पुढच्या ‘लाइपझिग’ आणि ‘न्यूर्नबर्ग’मध्ये मागचे बुरूज मध्यरेषेवर आले आणि डिझेलला जहाज ढकलणारा स्वतंत्र मधला पंखा (प्रोपेलर) मिळाला. सुधारणा होती, पण सांगाडा हलकाच राहिला. दुसऱ्या महायुद्धात या सहांपैकी एकीलाही अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजांवर छापे घालायला पाठवलं गेलं नाही. एप्रिल १९४०च्या नॉर्वे मोहिमेत ‘कार्ल्सरूह’ ब्रिटिश पाणबुडीच्या टॉर्पेडोनं निकामी झाली आणि जर्मनांनीच ती बुडवली. दुसऱ्या दिवशी बर्गन बंदरात ‘क्योनिग्सबेर्ग’ ब्रिटिश स्कुआ विमानांच्या बॉम्बनी बुडाली.