गावचं मत लालबागेत ठरतं

(परळ येथे एका ग्रामस्थ मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेलं भाषण, थोडं संपादित करून.)

पत्रिकेत विषय छापलाय, 'आपल्या तालुक्याच्या गावाचा राजकीय कल'. वेळ दिलाय वीस मिनिटं, त्यातला बराचसा सत्कारात गेला. नारळ मात्र पाणीदार दिसतोय.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना विरार लोकल पकडायचीय ते मोकळे. गावचं मत गावात पडतं, पण ठरतं इथं, परळ-लालबागला. तुमच्यातले निम्मे आता नालासोपाऱ्याला राहतात, तरी भांडायला इथंच येतात, त्यामुळे मी लालबागच म्हणणार.

आपल्या कोकणातला लोकसभेचा जुना राजापूर मतदारसंघ घ्या. तिथले खासदार बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे, घरचा माणूस. ते 1971 च्या जानेवारीत गेले आणि आपण निवडून दिलं मधू दंडवत्यांना. जन्म अहमदनगरचा, नोकरी मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवायची. लागोपाठ पाच वेळा दिलं! 1984 ला काँग्रेसच्या लाटेत भलेभले आपटले, हे तरले. का? समाजवाद वाचून? माझ्या आजीला समाजवाद म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की गिरणीतून मुलाचं पत्र आलंय आणि त्यात 'प्रोफेसरांना' असं लिहिलंय.

मग 1982 चा संप. गिरण्या बसल्या, मनिऑर्डरी आटल्या आणि पत्रांतला मजकूरही बदलला. 1966 साली मुंबईत जन्मलेली शिवसेना कोकणात एसटीच्या टपावरून आली, असं मी म्हणतो. नारायण राणे 1990 ला मालवणचे आमदार झाले, त्याआधी ते कुठं नगरसेवक होते? चेंबूरला. बघा म्हणजे.

आता ती बसची गोष्ट. ऐकलीय त्यांनी हसू नका, नवीन लोक आहेत.

आमच्याकडे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. सतरा वॉर्ड. एकेक वॉर्ड केवढा, तर दोन वाड्या आणि एक पाणंद. उमेदवार भावकीतलाच, समोरचाही भावकीतलाच. पहिल्यानं मुंबईहून खास बस केली. रात्री लालबागहून सुटली, वडखळला चहा, पहाटे चिपळूणला मिसळ, खर्च सगळा त्याचा. मागच्या सीटवर एक काका बसलेले, मफलर गुंडाळून, पूर्ण प्रवासात अवाक्षर नाही. वाटेत दोन वेळा गाडी थांबवायला लावली तेवढंच. (घाटरस्ता आणि वय, दुसरं काही नाही.)

मतदान झालं. मोजणीच्या दिवशी मशीन उघडलं आणि उमेदवाराचा चेहरा पडला. बस भरून नेली होती, मशीनमध्ये पाऊण बस निघाली! तो हरला, तेही थोडक्यात. मंडळाच्या पुढच्या सभेत इतिवृत्त वाचायच्या आधीच हा उभा राहिला. म्हणे, कोण कोण फुटलं ते सांगा, नाहीतर डिझेलचे पैसे वर्गणीतून द्या. खजिनदारांनी घाबरून पावतीपुस्तक मांडीखाली घेतलं. तासभर कालवा. कुणी देवाची शपथ घेतोय, कुणी गाऱ्हाणं घालू म्हणतोय. शेवटी मफलरवाले काका उठले आणि म्हणाले, "बस तुझी होती रे झिला, पण बोट माझा होता."

मला विचाराल तर लोकशाहीवरचं इतकं चोख भाषण मी कुठल्या सभागृहात ऐकलेलं नाही. पुढे काकांचं घर वर्षभर पंगतीत टाळलं, हे मात्र कुणी सांगत नाही. मला त्याचा अजून राग आहे, आणि टाळणारे दोघंतिघं आज पहिल्या रांगेत बसलेत.

जाता जाता, इथलं आणि गावचं अशी दोन्हीकडे नावं कुणाची आहेत? हात वर करू नका, 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याला ते चालत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, तीन.

म्हणजे खरं व्याख्यान आता. पहिलं, आपल्याकडे चिन्हाला मत कमी, माणसाला जास्त. 2014 च्या मे महिन्यात लोकसभेला काँग्रेसचे नीलेश राणे पडले. पाचच महिन्यांनी कणकवलीनं धाकट्या भावाला, नितेश राणेंना, पंजावरच आमदार केलं, आणि शेजारच्या कुडाळनं त्याच दिवशी वडिलांना, नारायण राणेंना, पाडलं. 2019 ला कणकवलीत माणूस तोच, चिन्ह कमळ. याला पक्षाचा कल म्हणायचं की फोन कोण उचलतो त्याचा?

दुसरं, ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हच नसतं, तिथं पॅनल आणि भावकी. तेव्हा सरपंचावरून आमदार ओळखायला जाऊ नका, फसाल.

तिसरं महत्त्वाचं, ते धावत सांगतो. मशीन आल्यापासून बूथनिहाय आकडा उघड होतो. कुठल्या वाडीनं दगा दिला ते फॉर्म वीसमध्ये, म्हणजे निकालाच्या तक्त्यात, दिसतं, मग त्या वाडीचा रस्ता अडतो. अनेक मशीनची बेरीज एकत्र दाखवणारं टोटलायझर यंत्र निवडणूक आयोगानं 2008 मध्ये सुचवलं, विधी आयोगानं 2015 मध्ये शिफारस केली. अजून आलेलं नाही. नगरपंचायतीच्या वॉर्डात ते आलं तरी काकांना फारसं वाचवणार नाही, एक वॉर्ड म्हणजे जेमतेम एकदोन बूथ. पण विधानसभेला वाडी वाचेल. या मंडळानं तसा ठराव करून पाठवावा, एवढंच मागणं घेऊन मी आलो होतो. सूचक मी, अनुमोदक कोण ते चहाच्या आधी सांगा, कारण चहानंतर इथं गणपूर्ती उरत नाही.