परदेशातली नोकरी आणि भारतातले दिवस

मित्रहो, रत्नागिरी, रायगड किंवा गोव्यातल्या ज्या घरांतून कोणी आखातात नोकरीला किंवा जहाजावर गेलेले असते, तिथे असा पक्का समज असतो की व्हिसा लागला आणि बँकेत अनिवासींसाठीचे एनआरई खाते उघडले, की माणूस अनिवासी झाला, म्हणजे तिकडच्या पगारावर इथे कर नाही. आयकर कायदा मात्र मुख्यतः १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तो माणूस भारतात प्रत्यक्ष किती दिवस होता हे मोजतो, आणि हा निर्णय दरवर्षी नव्याने होतो.

आयकर कायद्याच्या सहाव्या कलमानुसार वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला माणूस रहिवासी ठरतो. किंवा वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले, तरीही ठरतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला, ज्या वर्षी तो जातो त्या वर्षी, ६० ऐवजी १८२ दिवसांचीच मर्यादा आहे. म्हणून पहिल्या वर्षी निघण्याची तारीख फार महत्त्वाची असते. १ एप्रिलपासून भारतातच असलेला माणूस २८ सप्टेंबरला निघाला, तर निघण्याचा दिवस धरूनही त्याचे १८१ दिवस होतात; दुसऱ्या दिवशी निघाला तर १८२ भरतात आणि मार्चपर्यंतचा आखाती पगारही भारतात करपात्र होतो. दुबईत पगारावर आयकर नसल्यामुळे तिथे भरलेल्या कराची सवलत मागण्याचाही प्रश्न उरत नाही. नोकरी लावून देणाऱ्यांनी ही गोष्ट तिकीट काढण्याआधी सांगितली पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. भारतात पोहोचण्याचा दिवस मोजावा की नाही, यावर न्यायाधिकरणांत मतभेद झाले आहेत. तेव्हा दोन-चार दिवस हाताशी ठेवूनच बेत आखावा.

खलाशांसाठी वेगळा नियम आहे. परदेशी जाणाऱ्या पात्र जलप्रवासात, सीडीसीमध्ये, म्हणजे खलाशाच्या सेवेच्या नोंदपुस्तिकेत, नोंदलेल्या रुजू होण्याच्या तारखेपासून उतरण्याच्या तारखेपर्यंतचे दिवस भारतातल्या मुक्कामात धरले जात नाहीत, मग जहाज काही काळ भारतीय हद्दीत असले तरीही. सीडीसीच्या त्या पानांच्या प्रती घरी ठेवाव्यात.

सुट्टीवर येणाऱ्या नागरिकालाही १८२ दिवसांचीच मर्यादा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर मात्र ज्याचे परदेशी उत्पन्न सोडून एकूण उत्पन्न १५ लाखांहून अधिक आहे, त्याला ती १२० दिवसांची झाली. एवढे उत्पन्न असून जो नागरिक कोणत्याही देशात कर देण्यास पात्र नाही, तो एकही दिवस इथे न राहता रहिवासी मानला जातो. या तरतुदीने तेव्हा आखातात मोठी घबराट पसरली होती. पण अशा माणसाला 'सर्वसाधारण नसलेला रहिवासी' हा दर्जा मिळतो आणि त्याच्या तिकडच्या पगारावर इथे कर लागत नाही.

कायमचे परतणाऱ्यांनाही हाच दर्जा उपयोगी पडतो. आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असलेला, किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिलेला माणूस त्यात बसतो, आणि तोवर परदेशातल्या ठेवींचे तिथेच जमा होणारे व्याज इथे करमुक्त राहते. भेटीला येणाऱ्यांची १८२ दिवसांची सवलत कायमचे परतणाऱ्याला सहसा मिळत नाही. त्याला ६० दिवसांचा नियम लागतो, त्यामुळे फेब्रुवारीत परतताना त्याच आर्थिक वर्षात गणपतीला काढलेली सुट्टीही बेरजेत येते. ही बेरीज शिक्क्यांवरून करावी लागते, म्हणून जुने पासपोर्ट टाकून देऊ नयेत.