एका नाण्यावर सगळी अक्षरं नसतात

(नाशिक येथे नाणेसंग्राहकांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी पहिल्या रांगेतून एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, मागे पाठवतो आहे. काठाला धरा, दोन बोटांत. वर बोट घासू नका, एवढंच मागणं. हातात आली की किती अक्षरं पूर्ण दिसतात ते बघा. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ असायला हवं. या शिवराईवर ‘राजा’ स्वच्छ आहे. वरच्या ‘श्री’चा फक्त खालचा भाग उरलाय, ‘शिव’मधला ‘व’ काठाबाहेर गेलाय. मागच्या बाजूला ‘छत्र’मधला ‘छ’ अर्धाच आहे.

बघणाऱ्याला वाटतं, नाणं झिजलंय. तसं नाही. टांकसाळीतून पडलं तेव्हापासूनच ते असं आहे. तांब्याच्या कांबीचे वजनात बसतील असे तुकडे पाडायचे, तापवायचे, एकेक तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वरचा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. ठसा मोठा, तुकडा लहान आणि वेडावाकडा. तुकडा जिथे बसला तिथला मजकूर उमटला, बाकीचा हवेत गेला. कडेचं बिंदूंचं वर्तुळ तर फार थोड्या शिवरायांवर नीट आलंय. टांकसाळवाल्याला वजन सांभाळायचं होतं. सगळी अक्षरं आली का, हे बाजारात कुणी विचारत नव्हतं.

मग त्या ठशावर मुळात काय कोरलं होतं, हे आज कसं कळणार? माझ्या एकट्याच्या शिवराईवरून कधीच नाही. एकाच ठशातून पडलेल्या शिवराया आज दहा घरांत, दहा गावांत विखुरल्या आहेत. माझ्याकडे उजवी बाजू आली असेल, साताऱ्याच्या एखाद्या मित्राकडे डावी, सोलापूरच्या कुणाकडे खालची ओळ. त्यांचे फोटो सारख्या मापात शेजारी ठेवले की ठसा पुरा होतो. दोन नाणी एकाच ठशातली आहेत हे ओळखायला नजर लागते, पण ती येते. ठशाला तडा गेलेला असला की त्या तड्याची बारीक रेघ प्रत्येक नाण्यावर त्याच जागी उमटते. ‘रा’चा काना किंचित कललेला असतो, दोन बिंदूंमध्ये जरा जास्त अंतर सुटलेलं असतं. अशा खुणा एकदा डोळ्यांत बसल्या की विसरत नाहीत.

नाणी जमवणाऱ्याने नाणी दाखवली पाहिजेत, हे मला आज सांगायचं आहे आणि ते मी सौजन्य म्हणून सांगत नाही. दाखवल्याशिवाय आपल्या विषयात पुढे जाताच येत नाही. आपल्यातल्या कुणाकडेही पूर्ण नाणं नाही.

शिवराईचंच पुढे बघू. ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’, ‘छत्रपति’, ‘छत्रपती’ असे लेखनाचे किती तरी प्रकार सापडतात. हा कोरणाऱ्याचा गलथानपणा म्हणून सोडून देता येत नाही. राज्याभिषेक १६७४ सालचा. पण शिवराई महाराजांबरोबर थांबली नाही. पुढच्या छत्रपतींच्या काळात, पेशवाईत, ठिकठिकाणच्या टांकसाळींतून महाराजांच्याच नावाने ती पडत राहिली. पेशवाईच्या अखेरीला मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई सर्रास चालत होती. म्हणजे देवघरातली शिवराई महाराजांच्या हयातीतली असेलच असं नाही, बहुधा ती नंतरची असते. काहींना हे ऐकून वाईट वाटतं. मला उलट वाटतं. राजा जाऊन शंभर वर्षं लोटली तरी तांब्याच्या पैशावर नाव त्याचंच राहिलं, ही किती मोठी गोष्ट आहे! आता यातली कुठली आधीची, कुठली नंतरची, हे वजन, अक्षरांचं वळण आणि ठशांचे गट लावूनच ठरवता येतं. गट लावायला शेकडो नाणी लागतात, आणि ती एका डब्यात कधीच नसतात.

पेशवाईतल्या रुपयांचंही तेच. मजकूर फारसीत, नाव दिल्लीच्या बादशहाचं. टांकसाळीचं नाव बहुधा अशा जागी कोरलेलं की ते निम्म्याहून जास्त वेळा काठाबाहेर जातं. पुण्याच्या रुपयावर ‘मुहियाबाद’ हा शब्द, म्हणजे पुण्याचं तेव्हाचं नाव, अख्खा दिसणारं नाणं हातात आलं तर त्या दिवशी घरी गोडधोड करावं! आपल्या नाशिकचं नाव तेव्हा गुलशनाबाद. इथल्या रुपयावर जरीपटका, म्हणजे मराठ्यांचं निशाण, पुण्याच्या रुपयावर अंकुश. सराफ नाव वाचत बसत नसे, खूण बघून रुपया ओळखायचा आणि बट्टा, म्हणजे बदलून देताना वजावट, किती कापायचा ते ठरवायचा. १८३५च्या कायद्याने कंपनीचा एकसारखा रुपया आला आणि या असंख्य रुपयांचे दिवस भरले. पुष्कळसे वितळले. जे उरले ते आपल्या ट्रेमध्ये आहेत, किंवा कडी लावून कुणाच्या गळ्यात.

आता जोगलटेंभीकडे येतो. नाशिकमध्ये उभं राहून हे सांगितलं नाही तर पाप लागेल.

१९०६ साली आपल्या जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. १३,२५० नाणी. क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याची ही नाणी. जेमतेम करंगळीच्या नखाएवढी, दोन-सव्वादोन ग्रॅमची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपींतली अक्षरं. अशी सुटी नाणी आधीही ठाऊक होती. पण इथे ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या नाकावर, गालावर सातवाहनांची टेकडी, मागच्या बाजूला वाटोळ्यांचं उज्जैन चिन्ह. काही नाण्यांवर तर खालून नहपानाचा डोळा अजून बघतोय आणि वर गौतमीपुत्राचं नाव आहे.

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. तिने मुलाचं वर्णन ‘क्षहरात वंश निःशेष करणारा’ असं केलंय. आई मुलाचं कौतुक करणारच, असं कुणी म्हणू शकलं असतं. जोगलटेंभीच्या साठ्याने ती शंका संपवली. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्या राजाने आपल्या शिक्क्यानिशी बाजारात सोडला, आणि त्यातला चांगला दोन तृतीयांश हिस्सा शिक्का घेऊन फिरत होता, एवढं त्या एका ढिगातून समजतं. दुसरीही एक गंमत आहे. या नाण्यांवर नाव एकच, नहपानाचं, पण चेहरे इतके वेगवेगळे की हे सगळे एकाच माणसाचे का, असा प्रश्न तेव्हाच्या अभ्यासकांना पडला. हा प्रश्न पडायलासुद्धा हजारो चेहरे एकत्र बघावे लागले.

कल्पना करा, हा साठा मिळाल्या दिवशीच वीस-वीस नाण्यांच्या पुरचुंड्या करून विकला गेला असता. नाणी आजही असती, प्रत्येक नाणं अस्सल असतं. पण शिक्का मारलेली किती, न मारलेली किती, हे प्रमाण कायमचं गेलं असतं. आणि प्रमाण हाच तर इथला पुरावा आहे.

अशा पुरचुंड्या आजही होतात, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी एका सराफाकडे मोडीत घालायला आलेली मूठभर चांदीची नाणी माझ्या एका स्नेह्याने सोडवून आणली. पश्चिमी क्षत्रपांची होती. या घराण्याने पुढे एक फार मोठी सोय करून ठेवली: राजाच्या डोक्यामागे शक संवतातलं साल. एवढ्याशा नाण्यावर शेकड्याचा, दहाचा आणि एककाचा असे वेगळे आकडे. त्या आकड्यांवर त्यांच्या राजांची जवळजवळ सगळी वंशावळ उभी आहे. सोडवलेल्या नाण्यांत तीन-चारांवर साल वाचता येत होतं. पण ती कुठल्या शिवारात मिळाली, सोबत मडकं होतं का, आणखी किती होती, याचं उत्तर कुणीच देईना. आणणारा म्हणाला, ‘घरातलीच आहेत.’ तो असं का म्हणाला, तेही समजून घ्यायला हवं.

१८७८चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय मिळालं, किती, कुठे, कधी. न कळवणं गुन्हा आहे. सरकारने ते घ्यायचं ठरवलं तर मूळ कायद्याप्रमाणे मोबदला धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे नहपानाच्या नाण्याला सव्वादोन ग्रॅम चांदीची किंमत आणि थोडं वर. शेतकरी लपवतो याचं नवल वाटायला नको. कायदा पाळलाच पाहिजे, त्यात सूट नाही. पण हा मोबदला बदलावा ही मागणी आपण संग्राहकांनीच लावून धरायला हवी, कारण इतिहासाचं नुकसान कुठे होतं ते आपल्याला सगळ्यांत आधी दिसतं. १९७२चा पुरावस्तू कायदाही ध्यानात ठेवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं, ते परदेशातल्या मित्राला भेट म्हणून पाठवता येत नाही. फोटो पाठवा, हवे तेवढे.

आपल्यात एक जुनी खोड आहे. माल कुठून आला ते सांगायचं नाही, सांगितलं तर दुसरा तिथे पोचेल. व्यापाऱ्याची ही अडचण मी समजू शकतो, संग्राहकाची नाही. नाणं आपल्याकडे आल्यावर तरी लिहून ठेवा. पाकिटावर किंमत लिहायला कुणी विसरत नाही. गावाचं नाव, ज्याच्याकडून घेतलं त्याने सांगितलेली हकीकत, तारीख यांसाठी दोन ओळी जास्त लागतात. हकीकत ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असं लिहा. संग्राहक गेल्यावर घरच्यांसमोर नुसते डबे उरतात. त्यांना शिवराई आणि ढब्बू पैसा यांतला फरक कळत नाही, आणि चूक त्यांची नसते. सगळं वजनावर जातं.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात सांगतो. तांब्याचं नाणं चिंच-लिंबू लावून चकचकीत करू नका, वरचा हिरवट-काळपट थर हे त्याचं कवच आहे, तो गेला की अक्षरांची धारही जाते. वजन दोन दशांश स्थळांपर्यंत घ्या, सराफी काटा आता स्वस्तात मिळतो. फोटो काढताना उजेड एका बाजूने, तिरपा पडू द्या. समोरून फ्लॅश मारला की उठाव सपाट होतो. शेजारी मोजपट्टी असू द्या, नाहीतर तो फोटो ठसे जुळवायला निरुपयोगी. नकली मालाबद्दल इतकंच, की ओतीव नाण्यावर बारीक भोकं दिसतात, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत होतात आणि पुष्कळदा काठावर सांधा असतो. सोन्याचा होन कुणी दारात आणून दिला तर तो घेण्याआधी जाणत्यांना दाखवा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ सालची, देवादिकांची चित्रं असलेली जी नाणी लाखांना विकली जातात असं ऐकता, ती कंपनीने कधी पाडलेलीच नाहीत. जुनी नाणी लाखोंना घेतो म्हणून आधी फी मागणाऱ्यांबद्दल खुद्द रिझर्व्ह बँकेने २०२१ साली लोकांना सावध केलंय.

नव्याने लागलेली मुलं इथे आहेत, त्यांना सांगतो: लाखाचा संग्रह लागत नाही. झिजकी शिवराई आजही खिशाला परवडते. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. तिथे जाऊन अस्सल नाणी डोळ्यांखालून घाला, मग खरेदी करा. आणि आजीच्या पुतळ्यांची माळ एकदा नीट बघा. तिच्यातली एखादी पुतळी व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटची निघेल, किंवा त्याची इथे केलेली नक्कल. बघा, पण मोडू नका!

शेवटी एक काम. ज्यांनी अंकुशी रुपये आणलेत त्यांनी जेवणानंतर मागच्या टेबलापाशी यावं. मोजपट्टी, काटा, दिवा तिथे मांडलाय. प्रत्येकाच्या रुपयाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढू, वजन लिहू, नाणं तिथल्या तिथे परत देऊ. मालकाचं नाव नको असेल तर लिहिणार नाही, गाव मात्र लिहू. ‘मुहियाबाद’मधली कुठली अक्षरं कुणाकडे आहेत ते संध्याकाळपर्यंत लावून बघू. आणि ती शिवराई शेवटच्या रांगेत पोचली असेल, ती तिथेच टेबलावर आणून द्या. तिलाही जोडीदार शोधायचे आहेत.